बुंदीची एकादशी

“आणि मांजर काय खातं?”

तरीवरच्या बाबांनी हे विचारलं तेव्हा अच्युतराव वालावलकर वैराग्यावर बोलत होते. चांगलं बोलत होते. सत्तावीस वर्षं महाविद्यालयात संस्कृत शिकवलेला माणूस, वाक्य कुठे थांबवायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण आत्ता ते थांबवायचं त्यांच्या मनात नव्हतं.

“मांजर?”

“टोपलीतलं.”

वेताची झाकणाची टोपली त्यांच्या गुडघ्याशीच होती. वेंगुर्ल्याहून दीड तास एसटीत ती त्यांनी मांडीवर धरून आणली होती. आतून आवाज नव्हता.

बाबांची मठी म्हणजे खाडीच्या काठावरची एक खोली, पुढे सारवलेलं अंगण आणि अंगणात एक जुनं उंडीचं झाड. पूर्वी इथून तर सुटायची, माणसांना पलीकडे नेणारी होडी. पुढे पूल झाला आणि ती बंद पडली, बाबांना मात्र लोक अजून तरीवरचे बाबाच म्हणत. वय ऐंशीच्या आसपास. बोलणं कमी. चाळीस वर्षांत मठीत मासळी शिरली नव्हती, आणि चाळीस वर्षं समोरच्या खाडीत लोक मासे मारत होते.

अच्युतराव अनुग्रहासाठी आले होते. ही तिसरी खेप. पहिल्या खेपेला बाबांनी त्यांना चहा दिला आणि परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला घरी कोण असतं म्हणून विचारलं. अच्युतरावांनी सांगितलं, कोणी नाही. पत्नी गेली त्याला वर्ष उलटून गेलं, मूलबाळ नाही. एक तिचं मांजर आहे, बस. बाबा म्हणाले, मग पुढच्या वेळी त्याला घेऊन या.

अच्युतरावांना ते थोडं लागलं होतं. त्यांनी काही प्रश्न लिहून आणले होते, आत्म्याच्या साक्षीभावाविषयी. पण गुरू शिष्याची परीक्षा पाहतो, हे त्यांनी वाचलेलं होतं. म्हणून मांजर आणलं.

“बुंदी नाव तिचं,” ते म्हणाले. “अंगावर पिवळे ठिपके आहेत म्हणून प्रमिलेनं ठेवलं. खाते काय म्हणाल तर जे मी खातो तेच. दूधभात. कधी दूधपोळी. वरणाचं पाणी.”

“पूर्वीही?”

अच्युतराव किंचित हसले. हा प्रश्न त्यांना हवाच होता.

प्रमिला गेल्यावर तेराव्याला भटजींनी विचारलं होतं, तिच्या नावानं काय सोडणार. त्यांच्याकडे तशी रीत होती. कोणी पडवळ सोडे, कोणी फणस. म्हणजे ज्याच्यावाचून फारसं अडत नाही ते. अच्युतरावांनी मासे सोडले. सारस्वताच्या घरात, वेंगुर्ल्यात. भावकी बघत राहिली. आणि त्यांनी सोडले ते अर्धवट नाही. मासे कापायची विळी देऊन टाकली, तवे राखेनं घासून घेतले, मागच्या दाराशी येणाऱ्या बाईला सांगितलं की आता येऊ नकोस.

“प्रमिलेला त्याच्याशिवाय घास उतरत नसे. तेव्हा सोडायचं तर तेच. आणि सांगायचं म्हणजे, बुंदीनंही सोडलं. पहिले आठ दिवस ओरडली. मग गप्प झाली. एकादशीला मी उपास करतो, तेव्हा तीही नुसत्या दुधावर असते. एकदाही तक्रार केली नाही. माझे साडू म्हणाले, तुमच्या घरचं मांजर आमच्याहून पुढे गेलं.”

बाबा ऐकत होते. उंडीचं एक पान पडलं. त्यांनी ते बाजूला ठेवलं.

“काढा तिला बाहेर.”

अच्युतरावांनी झाकण उघडलं.

बुंदी लगेच आली नाही. मग पुढचा एक पाय बाहेर आला, जमीन चाचपून पाहिल्यासारखा. मग ती सगळी बाहेर आली. पाठीचा कणा वरून मोजता येत होता. चार पावलं चालली आणि तिचं डोकं पाण्याच्या घागरीवर आपटलं.

“नवी जागा आहे,” अच्युतराव म्हणाले.

“घरी नाही आपटत?”

“हल्ली... थोडं. दुःखात आहे ती. प्रमिला गेल्यापासून.”

मग त्यांनी ते सांगितलं, जे त्यांनी बऱ्याच जणांना सांगितलं होतं आणि सांगताना दर वेळी त्यांचा आवाज खाली जाई. बुंदीचे डोळे आता सारखे मोठे असतात. टपोरे, काळे. पूर्वी असे नव्हते. संध्याकाळी ती माजघरात बसते आणि प्रमिलेच्या खुर्चीकडे एकटक बघते. खुर्ची रिकामी असते. पण ती बघते, पापणी न हलवता. त्यांना वाटतं, तिला काहीतरी दिसतं, जे आपल्याला दिसत नाही. कधीकधी तेही तिच्याशेजारी जमिनीवर बसतात आणि तिकडेच बघतात.

“तुम्हाला दिसतं?”

“नाही,” अच्युतराव म्हणाले. “माझी तेवढी तयारी नाही. म्हणून तर इथे आलो.”

बाबांनी बुंदीच्या पाठीवरून हात फिरवला.

मग त्यांनी साधेसाधे प्रश्न विचारायला सुरुवात केली, एखाद्या सोयरिकीची चौकशी करावी तसे. दुधानं पोट बिघडतं का? बिघडतं, अधूनमधून. पाणी कुठे ठेवता? दुधाच्या वाटीला लागूनच. पिते? फारसं नाही. खिडकीत बसते? खिडक्या बंद असतात. का? ती बाहेर गेली आणि परत आली नाही तर, म्हणून. म्हणजे ऊन नाही, उंदीर नाही, पाल नाही. नाही. कपाटावर उडी मारते? मारायची. आता नाही मारत. वय झालं असेल. किती वय? सहा.

“डॉक्टरला दाखवलंत?”

दाखवलं होतं. तालुक्याचा गुरांचा दवाखाना वेंगुर्ल्यातच होता, तिथे नेलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, खायला काय देता? अच्युतरावांनी सांगितलं, आम्ही जेवतो तेच. डॉक्टरांनी मान हलवली, शक्तीचे थेंब लिहून दिले.

“वालावलकर आडनाव ऐकलं आणि मान हलवली,” बाबा म्हणाले.

अच्युतरावांच्या ते लक्षात आलं नाही. मग आलं. डॉक्टर इथलाच होता. वालावलकरांच्या घरी काय जेवतात, हे त्याला विचारायची गरज वाटली नव्हती.

बाबा उठले. गुडघ्यावर हात ठेवून, हळू. त्यांनी बुंदीला दोन्ही हातांनी उचललं आणि अंगणाच्या मध्यावर, उंडीची सावली संपते तिथे नेलं. मार्चचं अकरा वाजताचं ऊन होतं. अच्युतरावांना डोळे बारीक करावे लागले.

“इकडे या. हिच्या डोळ्यांकडे बघा.”

ते वाकून बघू लागले.

“उन्हात मांजराच्या डोळ्यातली बाहुली केवढी होते?”

अच्युतरावांना आठवलं. मागच्या पडवीत प्रमिला तांदूळ निवडत बसायची आणि बुंदी उन्हात पडलेली असायची. डोळ्यांत नुसती एक उभी काळी रेघ.

“बारीक... भाताच्या दाण्याएवढी.”

बुंदीचे डोळे जांभळासारखे होते. गोल, काळे, भरलेले. सूर्य समोर होता आणि ती त्याच्याकडे तोंड करून शांत बसली होती.

बाबांनी तिच्या डोळ्यासमोर बोट आणलं. सावकाश, वारा लागणार नाही असं. अगदी पापणीच्या केसापर्यंत.

पापणी हलली नाही.

पलीकडे खाडीत कोणाच्या तरी होडीचं इंजिन सुरू झालं आणि बंद पडलं.

“म्हणजे ती...” अच्युतराव म्हणाले.

बाबांनी बोट मागे घेतलं.

“म्हणजे ती खुर्चीकडे बघत नव्हती.”

बाबांनी बुंदीला परत सावलीत आणून ठेवलं आणि तिच्याजवळ बसले. मग जे सांगितलं ते तिच्या पाठीकडे बघत सांगितलं. मासळीत, मांसात एक काहीतरी असतं, ते भातात नसतं, दुधात नावापुरतं. माणसाचं शरीर ते स्वतःच तयार करतं. मांजराला ते फारसं जमत नाही. वरून नाही मिळालं तर आधी डोळे जातात. मग हृदय. ओरडणं आठ दिवसांत थांबतं, बाकीचं हळूहळू होतं.

“तुम्हाला कसं माहीत?”

“माझ्या गुरूंच्या मठात एक बोका होता. कोठारातल्या उंदरांसाठी आणलेला. मी त्याला उंदीर मारू देत नव्हतो. दूधभातावर ठेवला होता. येईल त्याला सांगत असे, आमच्याकडचा बोकाही माळकरी आहे...”

“मग?”

“विहिरीत पडला.”

अच्युतराव खाली बसले. धोतराला माती लागते की काय, ते त्यांनी पाहिलं नाही.

दीड वर्षापूर्वी, दवाखान्यातल्या त्या शेवटच्या आठवड्यात, प्रमिलेनं त्यांच्याजवळ फार काही मागितलं नव्हतं. विम्याचे कागद कुठे आहेत ते सांगितलं. तिच्या बहिणीला कोणती साडी द्यायची ते सांगितलं. आणि म्हणाली, बुंदीला सांभाळा हो. मासे सोडा असं ती म्हणाली नव्हती. तिला सुचलंही नसतं.

“ती... जाणार का?” त्यांनी विचारलं. “मला खरं सांगा. त्या घरात प्रमिलेला ओळखणारं आता तिच्याशिवाय कोणी नाही.”

“तुम्ही आहात.”

“माझ्याशिवाय कोणी नाही.”

बाबा काही बोलणार होते, पण त्यांनी मान वळवली. खाडीच्या बांधावरून एक बाई डोक्यावर टोपली घेऊन जात होती. ती भामाबाय. सरळ वाट मठीच्या अंगणाला लागून होती, तरी ती वीस वर्षं बांधावरून वळसा घेऊन बाजारात जात होती. मठीला वास लागू नये म्हणून. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

“भामाबाय,” बाबांनी हाक मारली. “इकडे ये.”

ती बांधावरच थांबली. टोपलीला हात लावून म्हणाली, “बाबानू, टोपलेत मासे आसत.”

“म्हणूनच.”

भामाबाय आली खरी, पण अंगणाच्या कडेला उभी राहिली. काय चाललंय ते तिला कळेना. बाबांनी दोन बांगडे मागितले तेव्हा तिनं आधी बाबांकडे बघितलं, मग अच्युतरावांच्या उपरण्याकडे, मग मांजराकडे, आणि मांजराकडे बघितल्यावर तिचा चेहरा सुटला. ती टोपली उतरवून साफ करायला बसणार, तर बाबा म्हणाले, कोयती तेवढी दे. आणि त्यांनी एक बांगडा उचलला.

अच्युतराव उठून उभे राहिले.

“महाराज, हे तुम्ही... तुमचं चाळीस वर्षांचं...”

“व्रत खाण्याचं आहे,” बाबा म्हणाले. “आणि माझं आहे.”

त्यांनी बांगडा डाव्या तळहातावर आडवा घेतला, कल्ल्यात अंगठा घातला, ओढला, पोट चिरलं, आतलं काढून टाकलं. अर्धं मिनिटही लागलं नसेल. चाळीस वर्षं मासळीला न शिवलेले ते हात काही विसरले नव्हते. भामाबायनं ते पाहिलं आणि दुसरीकडे बघू लागली, जसं मोठ्या माणसाच्या घरचं काही दिसल्यावर बघावं.

दुसरा बांगडा त्यांनी अच्युतरावांपुढे धरला.

“हा तुमचा.”

अच्युतरावांनी तो घेतला. घेतला म्हणजे शेपटीला दोन बोटांत धरला.

“असो काय धरतास?” भामाबाय म्हणाली. “तो आता पळाचो नाय.”

बाबा हसले. इतका वेळ ते हसले नव्हते.

छपन्न वर्षांच्या आयुष्यात अच्युतरावांनी मासा साफ केला नव्हता. खाल्ले असतील हजारो. आधी आईनं, मग प्रमिलेनं. त्यांच्या ताटात बांगडा येई तोही काटा काढून, आणि काटा कोण काढतं, किती वेळ लागतो, याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता. आता तो त्यांच्या हातात निसटत होता. कल्ल्यानं बोट कापलं. भामाबाय सांगत गेली, आंगठो घाला, आता ओढा, भिया नका. पोट चिरल्यावर आतलं त्यांनी बोटांनीच ओढून काढलं. बुंदी तीन हातांवर बसली होती. तिचं नाक हलत होतं.

बाबांनी अंगणात तीन धोंडे मांडले आणि आतून पितळेचं भांडं आणलं. मठीत शिजवायचं भांडं ते एकच होतं. अच्युतराव काही म्हणायच्या आत बाबा म्हणाले, घासून घेईन. नुसत्या पाण्यात मासे उकडले. मीठ नाही, हळद नाही. भामाबायचा बाजार उठायची वेळ होत होती, तरी ती थांबली.

मासे निवाल्यावर बाबांनी अच्युतरावांना काटे काढायला बसवलं. आणि शेजारी बसून, अगदी सामान्य काही सांगावं तसं, सांगत राहिले. आजच डॉक्टरकडे जा, आणि या वेळी काय खायला घालत होता ते नीट सांगा, तो देईल ते औषध चालू ठेवा. रोज मासळी, नाहीतर कोंबडी, नाहीतर दुकानात मिळतं ते मांजराचं खाणं, पण एकदम पोटभर नाही, वाढवत न्या. दूध बंद. पाणी खाण्यापासून लांब ठेवा, मग पिईल. एका खिडकीला जाळी मारा आणि ती उघडी ठेवा, ऊन कळायला डोळे लागत नाहीत. आणि घरातलं सामान हलवू नका.

“तिची खुर्ची?” अच्युतरावांनी विचारलं.

“जिथे आहे तिथे. बुंदीला तिची जागा पाठ झाली असेल.”

“आणि डोळे?”

“गेले ते येत नाहीत.”

अच्युतरावांनी मान खाली घातली. एक बारीक काटा बोटांच्या चिमटीत होता, तो त्यांनी उजेडात धरून पाहिला आणि बाजूला ठेवला. मग आणखी एक. प्रमिला बोलता बोलता हे करायची, बघतही नसे.

त्यांनी पानावर मूठभर मासा ठेवला आणि पान जमिनीवर सरकवलं.

बुंदी उठली. या वेळी चाचपडली नाही. सरळ आली, धोंड्याला जरा घासली, पानापाशी थांबली. एकदा हुंगलं. मग खायला लागली, मान तिरकी करून, घशातून एक आवाज काढत. तो आवाज अच्युतरावांनी दीड वर्षांत ऐकला नव्हता. घरात दुसरं कोणी नव्हतं, तरी तो बंद झाल्याचं त्यांना कळलं नव्हतं.

भामाबायनं अच्युतरावांचं घर कुठे ते विचारून घेतलं आणि टोपली डोक्यावर घेतली. जाताना म्हणाली, मी वेंगुर्ल्याक बेस्तरवारी येतंय, तुमच्या मागच्या दारान येव काय? अच्युतराव म्हणाले, या गुरुवारी.

ती गेली. या वेळी सरळ वाटेनं.

बुंदीचं पान चाटूनपुसून झालं होतं. अच्युतरावांनी तिला टोपलीत ठेवलं, ती मुकाट्यानं आत वळून बसली. बाराची एसटी गाठायची होती. त्यांच्या उपरण्याच्या आत एक कागद होता, त्यावर साक्षीभावाविषयीचे प्रश्न होते. तो त्यांनी काढला नाही.

“महाराज, अनुग्रहाचं...”

बाबा भांड्यात राख टाकून घासायला बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

अच्युतरावांचं आपल्या हातांकडे लक्ष गेलं. नखांत खवले होते, बोटावर रक्ताची रेघ, आणि वास असा की एसटीत शेजारी कोणी बसणार नाही. ते घागरीपाशी गेले. वाकून त्यांनी तांब्या उचलला.

“हात नका धुऊ,” बाबा म्हणाले. “घर येईपर्यंत तिला कळत राहू दे, टोपली कुणाच्या हातात आहे.”